दुसऱ्या डोसला ऊती गप्प का राहते?

पत्र: मी बडोद्यात पीएच.डी. करते आहे, दुसरं वर्ष. रॅटच्या मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग स्नायूचा थर सोलून उसिंग चेंबरमध्ये (ऊती मध्ये ताणून तिच्यातून जाणारा करंट मोजायची दोन कप्प्यांची पेटी) लावते. चेंबरची प्रत्येक बाजू ५ मिलीची. सेरोसल, म्हणजे रक्ताकडच्या, बाजूला १०० मायक्रोमोलर कार्बाकोल (अ‍ॅसिटिलकोलिनसारखं उत्तेजक) दिलं की शॉर्ट-सर्किट करंट, म्हणजे ऊतीतून वाहणाऱ्या आयनांचं माप, दर चौरस सेंटिमीटरला ८०-८५ मायक्रोअँपिअरने उसळतो आणि सात-आठ मिनिटांत खाली येतो. मग अर्धं रिंगर (चेंबरमधलं क्षारांचं द्रावण) काढून नवं भरते, असं तीनदा. वीस मिनिटांनी तेवढंच कार्बाकोल पुन्हा दिलं तर जेमतेम २०. आमचे सर म्हणतात, रिसेप्टर डिसेन्सिटाइज (बधिर) झाला, तसंच लिहून टाक. लिहिताना माझा हात अडतो. असं लिहिलं तर चालेल का? नसेल तर सिद्ध कसं करू? आणि दोन डोसांमध्ये अंतर किती ठेवू?
एक संशोधक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर:

हात अडतोय ते बरंच आहे. सरांचा अंदाज चुकीचा आहे असं नाही, पण तुमच्या आजच्या नोंदींवर तो उभा राहत नाही. दुसरा प्रतिसाद घटला एवढंच तुम्हाला दिसलं आहे. तो घटण्याची निदान पाच कारणं असू शकतात आणि रिसेप्टर हे त्यातलं एक. बाकीची चार आधी निकालात काढायची, मग रिसेप्टरकडे वळायचं.

सुरुवात धुण्यापासून करू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गफलत तिथे आहे. अर्धं रिंगर बदललं की १०० चे ५० होतात, दुसऱ्यांदा २५, तिसऱ्यांदा १२.५. म्हणजे वीस मिनिटं तुमची ऊती १२.५ मायक्रोमोलर कार्बाकोलमध्ये बसून होती. हा काही नगण्य अवशेष नव्हे, पुष्कळ ऊतींना तो पुरेसा डोस ठरतो. शिवाय अ‍ॅसिटिलकोलिनला जसं कोलिनेस्टरेज फोडतं तसं ते कार्बाकोलला फोडत नाही, त्यामुळे ते आपोआप नाहीसंही होत नाही. तुम्ही ज्याला दुसरा डोस म्हणता तो खरं तर न थांबलेल्या पहिल्या डोसावर टाकलेली भर आहे. अर्ध्या-अर्ध्याने ०.१ मायक्रोमोलरपर्यंत यायचं तर दहा वेळा बदलावं लागेल. त्यापेक्षा सोपा मार्ग असा: सेरोसल बाजूचा खालचा नळ थोडा उघडा ठेवा आणि वरून ३७ अंशांचं, गॅस दिलेलं रिंगर पातळी न हलवता ओतत राहा. बुडबुडे चालू असू देत म्हणजे मिसळत राहील. चेंबरच्या सातपट, म्हणजे ३५ मिली ओतलं की सुमारे ०.१ मायक्रोमोलर उरतं. दुसऱ्या बाजूची पातळी तेवढीच असू द्या. एका बाजूचं पाणी खाली गेलं तर ऊती फुगते, कडा सुटते आणि पुढचा सगळा दिवस वाया जातो. ओतून झाल्यावर लगेच डोस देऊ नका. सबम्युकोसात, म्हणजे आवरणाखालच्या थरात, शिरलेलं कार्बाकोल सावकाश बाहेर येतं, म्हणून बेसलाइन सपाट होईपर्यंत थांबा.

दुसरी त्रुटी: वेळेचा कंट्रोल नाही. त्याच आतड्याचे शेजारशेजारचे चार तुकडे चार चेंबरमध्ये लावा. पहिल्यात कार्बाकोल, धुणं, पुन्हा कार्बाकोल. दुसऱ्यात पहिल्या वेळी फक्त पाणी, धुणं मात्र तसंच, आणि पहिलंवहिलं कार्बाकोल दुसऱ्या वेळी. या दुसऱ्या चेंबरमध्येही प्रतिसाद २०-२५ च आला तर डिसेन्सिटायझेशनचा विषय तिथेच मिटला, तुमची ऊती थकते आहे. हे न करता लिहिलेला प्रबंध कोणताही परीक्षक पहिल्याच प्रश्नात खाली आणेल. तुकड्यांच्या जोड्या लावताना सुरुवातीचा रेझिस्टन्स एकमेकांच्या २५ टक्क्यांच्या आत असू द्या. रॅटच्या डिस्टल कोलनचा साधारण ५० ते १०० ओहम-चौ.सेंमी. असतो. प्रयोगाच्या मध्यात तो एक-तृतीयांशाने घसरला तर तो तुकडा बाद, त्याचा आलेख कितीही देखणा असो.

ऊती थकण्याची कारणं बहुतेक वेळा चेंबरच्या बाहेर असतात. बडोद्याच्या मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला आणि खोलीतला एसी बंद असला तर तुमचा सर्क्युलेटिंग वॉटर बाथ काहीच करू शकत नाही, त्याला फक्त तापवता येतं. डिस्प्लेवर ३७ पाहून समाधान मानू नका, चेंबरच्या आत बारीक थर्मोमीटर घालून पाहा. ३९-४० अंशांवर ऊती पहिला डोस दणक्यात देते आणि तासाभरात आटपते. गॅसचंही तसंच. २५ मिलिमोलर बायकार्बोनेटचं रिंगर ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवरच ७.४ पीएचला राहतं. सिलिंडर संपला म्हणून अ‍ॅक्वेरियमचा पंप लावला की पीएच ८ च्या पुढे सरकतो. रिंगर बनवताना कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात शेवटी, गॅस दिल्यावर घाला, नाहीतर ते गढुळतं आणि कॅल्शियम तळाशी बसतं. तुमचा प्रतिसादच कॅल्शियमवर चालतो, तेव्हा हे किरकोळ समजू नका. (सोडियम क्लोराइड ११५, सोडियम बायकार्बोनेट २५, डायपोटॅशियम फॉस्फेट २.४, मोनोपोटॅशियम फॉस्फेट ०.४, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड १.२-१.२, ग्लुकोज १० मिलिमोलर: ही रूढ कृती आहे, तीच ठेवा.)

कार्बाकोलची बाटलीही तपासा. ही पूड हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात दहा वेळा उघडलेल्या बाटलीतून १८.३ मिलिग्रॅम तोललं तर त्यात कार्बाकोल किती आणि पाणी किती हे सांगता येत नाही. १ मिलीत १८.३ मिलिग्रॅम म्हणजे १०० मिलिमोलर. एकदाच बनवा, छोटे भाग करून गोठवा, दर प्रयोगाला एक काढा. ५ मिलीत ५ मायक्रोलिटर टाकलं की १०० मायक्रोमोलर.

आता तिसरं कारण, जे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कार्बाकोल पेशीच्या सेरोसल बाजूच्या एम-३ मस्कारिनिक रिसेप्टरवर बसतं. तिथून जीक्यू प्रोटीन, फॉस्फोलायपेज-सी, आयपी-३ आणि मग साठ्यातलं कॅल्शियम बाहेर, अशी साखळी. हे कॅल्शियम मुख्यतः बेसोलॅटरल, म्हणजे रक्ताकडच्याच, बाजूच्या पोटॅशियम वाहिन्या उघडतं. पोटॅशियम बाहेर गेलं की पेशी आतून आणखी ऋण होते आणि क्लोराइडला बाहेर ढकलणारं बळ वाढतं. पण कोलनमध्ये ते क्लोराइड ल्युमेनच्या, म्हणजे आतड्याच्या पोकळीच्या, बाजूला पडतं ते सीएफटीआर वाहिनीतून, आणि ती उघडते सायक्लिक एएमपी या पेशीतल्या निरोप्यामुळे. कार्बाकोल जोर लावतं, दार मात्र दुसऱ्याच कोणीतरी उघडं ठेवलेलं असावं लागतं. ताज्या सोललेल्या ऊतीत ते काम कापण्या-ओढण्यामुळे सुटलेली प्रोस्टाग्लँडिन्स करतात. तासाभरात ती ओसरतात आणि सीएफटीआर अर्धवट मिटतं. मग दुसऱ्या कार्बाकोलला एम-३ ठणठणीत असूनही करंट कमी येतो. उपाय: दोन्ही बाजूंना प्रोस्टाग्लँडिन्स बनणं थांबवणारं इंडोमेथासिन ५ ते १० मायक्रोमोलर सुरुवातीपासून, आणि दोन्ही डोसांच्या आधी ०.३ मायक्रोमोलरच्या आसपास फोर्स्कोलिन, म्हणजे सायक्लिक एएमपीची पातळी दोन्ही वेळी सारखी राहील. सोबत ल्युमेनच्या बाजूला १० मायक्रोमोलर अमिलोराइड द्या. सोडियम शोषणाचा करंट बाजूला झाला की आलेखात उरतो तो प्रामुख्याने क्लोराइडचा स्राव. सबम्युकोसातल्या मज्जातंतूंची शंका असेल तर सेरोसल बाजूला टेट्रोडोटॉक्सिन, पण ते विष आहे, परवानगी आणि हातमोज्यांशिवाय नको.

इतकं करूनही पहिल्या चेंबरमध्ये दुसरा प्रतिसाद खाली आणि दुसऱ्यात पूर्ण आला, तर आता रिसेप्टर गृहीत धरायचा का? अजून नाही. तिसरा चेंबर यासाठीच आहे. त्यात पहिलं कार्बाकोल, धुणं, आणि दुसऱ्या वेळी थेट १० मायक्रोमोलर फोर्स्कोलिन. ते रिसेप्टरला वळसा घालून सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या अ‍ॅडिनिलिल सायक्लेजला हात घालतं. नळाला पाणी नाही म्हणून चावी बदलण्याआधी गच्चीवरची टाकी पाहावी, तसं हे आहे. १० मिलिमोलरचा डीएमएसओतला साठा, ५ मिलीत ५ मायक्रोलिटर, बुडबुड्यांजवळ सावकाश सोडा, एकदम टाकलं तर ते पाण्यात गुठळते. करंट भक्कम चढून टिकला तर पंप, वाहिन्या आणि क्लोराइड आत आणणारा एनकेसीसी-१ हे सगळं जिवंत आहे. शेवटी सेरोसल बाजूला एनकेसीसी-१ ला अडवणारं ब्युमेटॅनाइड १०० मायक्रोमोलर देऊन करंट खाली आणा. तो उतरलाच नाही तर तुम्ही मोजत होता ते क्लोराइड नव्हतं.

आता या विषयातला खरा गुंता. टी-८४ ही माणसाच्या कोलनच्या कर्करोगातून आलेली, क्लोराइड स्रवणाऱ्या पेशींची जुनी आणि विश्वासू वंशावळ. १९९४ साली ‘नेचर’मध्ये किम बॅरेट, अ‍ॅलेक्सिस ट्रेनर-कॅप्लन आणि रॉजर त्सिएन यांच्या गटांनी दाखवलं की या पेशींना कार्बाकोल दिल्यावर आयनॉसिटॉल ३,४,५,६ टेट्राकिसफॉस्फेट साठतं आणि ते कॅल्शियम व क्लोराइड यांच्यातला दुवाच तोडतं. नंतर रिसेप्टरला वळसा घालणारं थॅप्सिगार्गिन देऊन कॅल्शियम वाढवलं तरी स्राव वाढत नाही. म्हणजे रिसेप्टर निर्दोष, कॅल्शियमही हजर, पण पुढची वाट बंद. तुमच्या ऊतीत हेच होत असेल तर ‘रिसेप्टर डिसेन्सिटाइज झाला’ हे वाक्य सरळ चूक ठरेल. म्हणून चौथ्या चेंबरमध्ये दुसऱ्या वेळी २ मायक्रोमोलर थॅप्सिगार्गिन. थॅप्सिगार्गिनला उत्तर नाही आणि फोर्स्कोलिनला आहे, तर ब्रेक कॅल्शियमच्या पुढे लागला आहे. थॅप्सिगार्गिनला भरघोस उत्तर आणि कार्बाकोललाच नाही, तर बोट आता रिसेप्टर आणि त्याच्या आसपासच्या दुव्यांकडे जातं. त्सिएन यांनीच घडवलेला फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा रंग तुमच्या विभागात असेल तर क्रिप्ट (आवरणातल्या नळीसारख्या ग्रंथी) वेगळ्या करून ३४०/३८० चं गुणोत्तर थेट मोजा. दुसऱ्या डोसला कॅल्शियम पहिल्याइतकंच चढलं, तर सरांना तो एकच आलेख दाखवा.

आणि ते चढलंच नाही, तर मात्र सरांचं म्हणणं वजनदार होतं. तेव्हा घडतं ते असं: उत्तेजक चिकटून बसला की जीआरके हे किनेज काही सेकंदांपासून काही मिनिटांत रिसेप्टरच्या आतल्या भागावर फॉस्फेट लावतात. तिथे अरेस्टिन येऊन बसतं आणि जी-प्रोटीनला जागा उरत नाही. मग क्लॅथ्रिनच्या खळग्यातून रिसेप्टर आत ओढला जातो. आत फॉस्फेट निघालं तर तो पुन्हा पृष्ठभागावर येतो. उत्तेजक तासन्‌तास टिकला तर लायसोसोममध्ये संपतो आणि नवा बनवावा लागतो. या कामाचा मोठा भाग रॉबर्ट लेफ्कोवित्झ यांच्या प्रयोगशाळेत बीटा-अ‍ॅड्रिनर्जिक रिसेप्टरवर झाला. २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि ब्रायन कोबिल्का यांना जी-प्रोटीन जोडलेल्या रिसेप्टरांवरच्या कामासाठी मिळालं. जीआरके सहसा ज्याच्यावर उत्तेजक बसला आहे त्यालाच पकडतं, म्हणून फक्त त्याच संदेशाला बधिरता येते. पीकेए आणि पीकेसी ही दुसरी किनेज मात्र शेजारच्या, न वापरलेल्या रिसेप्टरांवरही फॉस्फेट लावू शकतात. कोणतं घडलंय ते पाहायला कार्बाकोलनंतर वेगळ्या रिसेप्टरचा, पण कॅल्शियमवरच चालणारा उत्तेजक द्या. टी-८४ मध्ये हिस्टामिन सोयीचं. रॅटच्या ऊतीत आधी एका दिवशी चाचणी घेऊन स्वच्छ उत्तर देणारा निवडा.

रिसेप्टर आत गेला की नष्ट झाला, हे करंटवरून कधीच कळत नाही, बाइंडिंगच, म्हणजे रिसेप्टरला चिकटणारा खुणेचा रेणू लावून मोजणंच, करावं लागतं. ट्रिशियम लावलेलं एन-मिथिलस्कोपोलामिन पाण्यात राहणारं, पटलातून आत न जाणारं, ते फक्त पृष्ठभागावरचे रिसेप्टर मोजतं. क्यूएनबी हे दुसरं तसंच चिकटणारं, पण चरबीत विरघळणारं, ते आतलेही मोजतं. पहिली संख्या घटली आणि दुसरी तेवढीच राहिली तर रिसेप्टर आत गेले आहेत. दोन्ही घटल्या तर संपले आहेत. एक इशारा: क्लॅथ्रिनचा रस्ता अडवायला काही जण ०.४५ मोलर सुक्रोज वापरतात. उसिंग चेंबरमध्ये ते करू नका. एवढ्या तीव्र द्रावणात पेशी आक्रसतात आणि करंटच वेगळा होतो, मग काय थांबलं ते सांगता येत नाही. जीआरके २ आणि ३ ला अडवणारं सीएमपीडी-१०१ जरा महाग पडेल, पण प्रश्नाला थेट उत्तर देईल.

डोसाबद्दलही एक गोष्ट. स्रावी एपिथेलियममध्ये गरजेपेक्षा जास्त रिसेप्टर असणं नवं नाही. त्यातले पुष्कळ निकामी झाले तरी १०० मायक्रोमोलरला कमाल प्रतिसाद जवळपास तसाच येऊ शकतो, फक्त डोस-प्रतिसादाचा वक्र उजवीकडे सरकतो. त्यामुळे संपृक्त डोसावर घट दिसली नाही म्हणून बधिरता नाही असं होत नाही. ०.३, १, ३, १०, ३०, १०० असे डोस घ्या, पण एका तुकड्याला एकच. एकाच तुकड्यावर चढत्या क्रमाने देत गेलात तर मोजायची तीच बधिरता वक्रात मिसळून बसेल. प्राणी जास्त लागतील हे खरं, म्हणून संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीच्या मंजुरीत तेवढी संख्या आत्ताच मागून ठेवा.

हे सगळं कॉलऱ्याच्या संदर्भात वाचलंत तर मजा येईल. १९५९ साली कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या वेटोळ्यात जंतूविरहित गाळलेला द्रव घालून दाखवलं की आतड्यात पाणी भरतं ते विषामुळे. ते विष पेशीच्या पृष्ठभागावरच्या जीएम-१ या चरबीयुक्त रेणूला चिकटून आत जातं आणि सायक्लिक एएमपी बनवायला लावणाऱ्या जीएस प्रोटीनला चालू स्थितीत अडकवून ठेवतं. शरीराचा ब्रेक रिसेप्टरवर, विष त्याच्या खाली. अरेस्टिन बिचारं वर काहीही करो, सायक्लिक एएमपी बनतच राहतं. म्हणूनच तीव्र कॉलऱ्यात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं आणि ते थांबत नाही. प्रबंधाच्या प्रास्ताविकात बधिरता ही आतड्याच्या फायद्याची का, हे याहून नेमकं सांगता येणार नाही.

अंतराचा प्रश्न. वीस मिनिटं की चाळीस, हे आम्ही सांगून उपयोग नाही, ते तुमच्या ऊतीवर मोजायचं असतं आणि तेच तुमच्या प्रकरणातलं सगळ्यात चांगलं चित्र होईल. नीट धुतल्यावर १०, २०, ४० आणि ८० मिनिटांनी दुसरा डोस, प्रत्येक अंतरासाठी वेगळे तुकडे आणि प्रत्येकासोबत वेळेचा कंट्रोल. ४० किंवा ८० मिनिटांत प्रतिसाद परतला तर रिसेप्टर परत आला असण्याची किंवा पुढचा ब्रेक सुटला असण्याची शक्यता, ती थॅप्सिगार्गिनच्या चेंबरने वेगळी करा. ८० ला परतला नाही तर रॅटच्या ऊतीला आणखी ताणू नका, चेंबरमधले तिचे भरवशाचे तास दोन-तीनच. रात्रभराची तपासणी टी-८४ च्या थरावर करा, नवं प्रोटीन बनणं थांबवणारं सायक्लोहेक्सिमाइड देऊन आणि न देता. सायक्लोहेक्सिमाइड असताना प्रतिसाद परतत नसेल तर पुनर्प्राप्तीला नवं प्रोटीन लागतं आहे.

तोपर्यंत प्रबंधात ‘कार्बाकोलच्या पुनरावृत्तीला स्रावी प्रतिसाद घटला’ एवढंच लिहा. सरांशी बोलताना मतभेदाने सुरुवात नको. दुसऱ्या चेंबरचा, म्हणजे उशिरा दिलेल्या पहिल्या डोसाचा आलेख घेऊन जा आणि १२.५ चा हिशेब वहीत मांडून दाखवा. ते काम तुमचं एका दिवसाचं आहे, चार चेंबर, एक प्राणी.